ऑफ-रोड बाईकला जीपीएस आणि मीटर बसवताना

ऑफ-रोड बाईकवर जीपीएस बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठला घेऊ?" त्यावर तासभर चर्चा होते, व्हिडिओ पाहिले जातात, किमती ताडल्या जातात. जीपीएसचा डबा कुठलाही घेतला तरी दोन-चार पावसाळी राइडनंतर तो कामाचा राहणार की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं: वीज कुठून घेतली, कशावर बसवला आणि तो अंतर कशावरून मोजतो. यातल्या तिसऱ्या गोष्टीचा विचार सहसा कुणी करत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

उदाहरणाला हीरोची एक्सपल्स २०० घेऊ. २०१९ साली आलेली ही गाडी. पुढे २१ इंची, मागे १८ इंची चाक. आपल्याकडे बरेच जण चिखलात पहिल्यांदा पडतात ते हिच्यावरून. हिच्या मीटरमध्ये फोन ब्लूटूथने जोडून वळणाचे बाण दाखवायची सोय आहे. मग वेगळा डबा कशाला? कारण हे बाण डांबरी रस्त्याचे आहेत. गाडी पाणंदीत शिरली, पुढे गाडीवाट संपून नुसती गुरांची वाट उरली, की बाणाला सांगण्यासारखं काही राहत नाही. शिवाय कंपनीच्या ट्रिपमीटरमधलं अंतर चालता चालता दहा-वीस मीटर पुढेमागे करता येत नाही. ते का करावं लागतं, ते पुढे येईलच.

उपग्रह काय सांगतो

उपग्रह आपल्याला 'तू इथे आहेस' असं सांगत नाही. त्याला आपला पत्ताच नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो दोनच गोष्टी सतत ओरडत असतो: आत्ता माझ्या घड्याळात किती वाजले आणि मी कुठे आहे. तो संदेश आपल्यापर्यंत यायला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी ऐकू आला, यावरून ती किती लांब पडली हे आपण ओळखतो. रिसीव्हरही तसंच करतो, फक्त इथे हिशेब प्रकाशाच्या वेगाचा असतो. वेळ मोजण्यात एक मायक्रोसेकंद चुकला, तर अंतर ३०० मीटरने चुकतं. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, आपल्या डब्यात मात्र स्वस्तातलं क्वार्ट्झ. म्हणून तीन उपग्रह जागा काढायला आणि चौथा आपल्या घड्याळाची चूक काढायला, असे निदान चार लागतात. आजचे रिसीव्हर अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे, युरोपचे आणि चीनचे उपग्रहही ऐकतात, त्यामुळे मोकळ्या आकाशाखाली चारांची वानवा नसते.

अडचण आकाश मोकळं नसण्याची आहे. कोकणातल्या सड्यावर उभे राहिलात तर तीन ते पाच मीटरच्या आत जागा मिळते. तीच गाडी वरंधा घाटात नेली की एका अंगाला कातळ, म्हणजे अर्धं आकाश बंद. वर समोरच्या डोंगरावर आपटून येणारा संदेशही रिसीव्हर ऐकतो. तो लांबच्या वाटेनं आलेला असल्यामुळे अंतर जास्त दाखवतो आणि नकाशावरची आपली गाडी मध्येच दरीत तरंगताना दिसते. पावसाळ्यातलं ओलं, दाट रान त्यात आणखी भर घालतं.

जीपीएसचा वेग मात्र सहसा विश्वासू असतो. संदेशाच्या लहरींची वारंवारता आपल्या हालचालीमुळे किंचित बदलते आणि वेग त्यावरून काढला जातो; दोन ठिपक्यांची वजाबाकी करून नव्हे. म्हणूनच गाडीचं मीटर ६४ दाखवत असताना जीपीएस ६० म्हणाला, तर जीपीएस बरोबर असण्याची शक्यता जास्त. कंपन्या मीटर मुद्दाम थोडं पुढे ठेवतात, कारण खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणं त्यांना परवडत नाही.

वेग बरोबर म्हणजे अंतरही बरोबर, असं मात्र नाही. साधा डबा सेकंदाला एक ठिपका टाकतो आणि ठिपके सरळ रेषेने जोडतो. ताशी ३६ किलोमीटरला दोन ठिपक्यांत १० मीटर जातात. घाटातल्या केसपिनी वळणावर तेवढ्यात अर्धं वळण संपलेलं असतं, आणि डबा ते आडवं कापून मोकळा होतो. बरेच डबे नुसतं नकाशावरचं सपाट अंतर मोजतात. सातास एक असा चढ असेल तर तिथे एक टक्का आणखी गळतो. चहाला थांबलात तर उलटाच प्रकार. गाडी जागची हलत नाही, पण ठिपका दोन-चार मीटर इकडेतिकडे भटकतो आणि काही डबे ती भटकंतीही ट्रिपमध्ये जमा करतात.

चाक काय सांगतं

दुसरी पद्धत जुनी आणि सोपी आहे. चाकाला एक चुंबक, फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या शॉक-अपच्या नळ्यांना) एक सेन्सर. चुंबक समोरून गेला की एक फेरा. फेरे गुणिले परीघ म्हणजे अंतर. ट्रेल टेक कंपनीचा व्हेपर हा मीटर ऑफ-रोडवाल्यांत याच कामासाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्याच व्हॉयेजरमध्ये चाकाचा सेन्सर आणि जीपीएस दोन्ही एका डब्यात येतात. चुंबक ब्रेक डिस्कच्या बोल्टमध्ये बसतो आणि सेन्सर कॅलिपरजवळ, त्याच्यापासून काही मिलिमीटरवर.

सेन्सर पुढच्या चाकालाच लावतात. मागचं चाक चिखलात जागच्या जागी फिरतं आणि तुम्ही एक इंच न हलता मीटर पळत राहतो. पुढचं चाकही ब्रेक लागून घसरतं, कधी उचललं जातं, पण एकूण हिशेबात ते कमी खोटं बोलतं. एक्सपल्सला पुढे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे, त्याची दातेरी रिंग आणि सेन्सरही तिथेच असतो. नवा चुंबक त्याच्यापासून लांब ठेवा, आणि एबीएसच्या वायरला जोड मारून वेगाचा सिग्नल उचलायचा उद्योग अजिबात करू नका. ब्रेकच्या वायरिंगशी खेळून वाचवलेले दोनशे रुपये फार महाग पडतात.

आता परीघ. एक्सपल्सचा पुढचा टायर ९०/९०-२१. रिम २१ इंच म्हणजे ५३३ मिलिमीटर, टायरची उंची ९० च्या ९० टक्के म्हणजे ८१, ती दोन बाजूंनी. एकूण व्यास सुमारे ६९५ आणि परीघ सुमारे २,१८५ मिलिमीटर. हा कागदावरचा आकडा. तुम्ही बसलात की टायर दबतो आणि एका फेऱ्यात त्याहून कमी अंतर जातं. त्यामुळे आकडा पुस्तकातून घेऊ नका, मोजा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, सपाट फरशीवर या, टायरच्या तळाशी आणि फरशीवर खडूची खूण करा, पूर्ण रायडिंग गिअर घालून गाडीवर बसा आणि मित्राला ढकलायला सांगा. खूण परत खाली आली की तिथे दुसरी खूण. मधलं अंतर टेपने मोजा. एका फेऱ्याऐवजी पाच फेरे मोजून पाचाने भागलं, तर खडूच्या जाडीची चूकही बारीक होते.

एवढं बारीक कशाला, असं वाटेल. ९०/९० काढून ८०/९० टायर घातला, तर कागदावरचा परीघ २,१८५ वरून २,१२८ होतो. फरक २.६ टक्के. सेटिंग तेच ठेवलं तर १०० किलोमीटरवर मीटर अडीच किलोमीटरहून जास्त पुढे जातं. टायर न बदलताही हे होतं: नॉबी टायरचे ठोकळे ८ मिलिमीटर झिजले की परीघ सुमारे ५० मिलिमीटरने घटतो. ऑफ-रोडला हवा कमी केली की आणखी. म्हणजे हा आकडा एकदा भरून विसरायचा नाही.

आपल्याकडच्या टीएसडी रॅलींमध्ये, म्हणजे ठरवलेल्या सरासरी वेगाने जायच्या रॅलींमध्ये, सगळा खेळ याच आकड्यावर असतो. आयोजक सुरुवातीला एक टप्पा मीटर जुळवण्यासाठी देतात. त्यांच्या कागदावर तो १०.०० किलोमीटर आहे आणि तुमच्या मीटरवर १०.२३ आले, तर सेटिंगमधल्या परिघाला १०.०० ने गुणून १०.२३ ने भागा. २,१५० असेल तर २,१०२ भरा. आयोजकांचं मोजमाप खरं की तुमचं, हा वाद इथे घालायचा नाही. त्या दिवसापुरता त्यांचा किलोमीटर हाच किलोमीटर.

मीटरवरून वाट शोधण्याचा हा खेळ सगळ्यात मोठ्या प्रमाणावर चालतो तो डाकार या वाळवंटी रॅलीत. तिचा उगमच वाट चुकण्यात आहे. थिएरी साबिन हा फ्रेंच मोटरसायकलस्वार १९७७ साली आबिजान–नीस रॅलीत वाळवंटात हरवला, वाचला, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात त्याने पहिली पॅरिस–डाकार सुरू केली. जीपीएस तिथे आला १९९२ मध्ये. आजही तिथे नकाशा पाहत जाता येत नाही. आयोजकांच्या उपकरणातला बाण फक्त लपवलेल्या बिंदूच्या जवळ गेल्यावर उघडतो. बाकी सगळी वाट रोडबुकमधल्या, म्हणजे कुठल्या अंतरावर कुठे वळायचं हे दाखवणाऱ्या आयोजकांच्या टिपणातल्या, चित्रांवर, दिशेच्या अंशांवर आणि ट्रिपमीटरवर. चित्रात '१२.४० ला डावीकडे' असेल आणि तुमचं मीटर त्या झाडाशी १२.४७ म्हणत असेल, तर डाव्या अंगठ्याजवळच्या स्विचने ते सात टिचक्या मागे आणायचं. हेच ते दहा-वीस मीटर पुढेमागे करणं. २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरलेल्या सी. एस. संतोषलाही हाच हिशेब करत जावं लागलं.

आपल्याला डाकारला जायचं नाही. पण रानात वाट शोधताना 'ओढा ओलांडल्यावर साधारण दीड किलोमीटरवर उजवी' असं कुणी सांगितलं, तर तो दीड चाकाच्या मीटरवर पाहा. आणि दीड झाल्यावर आपण जायचं त्याच दिशेला आहोत का, हे जीपीएसला विचारा. घनदाट रानात, खोल घळीत चाकावर भरवसा ठेवा. चिखल, वाळू आणि ओढ्याचे गोटे असतील तिथे जीपीएसवर.

वीज

इथे सगळ्यात जास्त डबे मरतात आणि दोष डब्याला दिला जातो.

सोपा मार्ग म्हणजे बॅटरीवरून थेट दोन वायर. चालतो, पण डबा किंवा यूएसबी चार्जर गाडी बंद असतानाही थोडा करंट खात राहतो. समजा २० मिलिअँपिअर. दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर. बाईकची बॅटरी ६ अँपिअर-अवर असेल तर सहा दिवसांत निम्मी रिकामी. पुढच्या रविवारी पहाटे सेल्फ नुसता 'टक्' करतो आणि सगळा ग्रुप तुमच्या गाडीला धक्का मारत असतो.

दुसरा मार्ग म्हणजे किल्लीवर येणारी एखादी वायर, बहुधा पार्किंग लाइटची, तिला जोड मारायचा. छोट्या मीटरला हे पुरतं. फोन चार्ज करायचा असेल तर मात्र त्या बारीक वायरवर आणि तिच्या फ्यूजवर ज्यादा भार नको. तेव्हा चार पायांचा रिले, म्हणजे थोड्या विजेने जास्त वीज चालू-बंद करणारा स्विच, लावा. पार्किंगची वायर आणि अर्थ ८५ व ८६ वर, बॅटरीचा प्लस फ्यूजमधून ३० वर, डब्याची वायर ८७ वर. किल्ली फिरवली की रिले 'टिक्' करतो आणि डब्याला बॅटरीची सरळ वीज मिळते. किल्ली काढली की सगळं बंद.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज डब्याच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे; तो असतो वायरसाठी. टाकीखालून जाणारी वायर घासून फ्रेमला टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कुणीच वाचवू शकत नाही, आणि वर पेट्रोल आहे. आकड्याचा हिशेब सोपा आहे. १८ वॉटचा चार्जर १२ व्होल्टवर दीड अँपिअर घेतो, थोडी गळती धरून दोनच्या आत. ३ अँपिअरचा फ्यूज पुरे, वायर पाऊण चौरस मिलिमीटरची. घरात पडून होता म्हणून १५ चा लावला, तर जळताना आधी वायर जळेल.

स्वस्त यूएसबी चार्जरचा एक छुपा त्रास असा की, त्यातलं १२ चे ५ व्होल्ट करणारं सर्किट रेडिओचा गोंगाट करतं, आणि उपग्रहाचा क्षीण संदेश त्यात बुडतो. संशय आला तर फोनवर उपग्रह दाखवणारं एखादं ॲप उघडा, चार्जर लावून आणि काढून पाहा. लावल्यावर सगळ्या पट्ट्या खाली बसल्या तर चार्जर बदला, जीपीएस नव्हे.

शर्यतीच्या एंड्युरो गाड्यांचं प्रकरण वेगळं. त्यातल्या काहींना बॅटरीच नसते, दिवे थेट स्टेटरच्या, म्हणजे इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या, एसी विजेवर चालतात. तिथे आधी एसीची डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर, मग बाकी सगळं.

जोड. आपले ऑटो-इलेक्ट्रिशियन दोन वायर पिळतात, काळी टेप गुंडाळतात, आणि गाडी घरी जाईपर्यंत ते टिकतं. उन्हात टेपचा गोंद वितळतो, पावसात तिथे पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. सोल्डर केलं तर टिकेल असं वाटतं, पण वितळलेलं कथील वायरच्या तारांत पुढपर्यंत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने नेमका त्याच्या काठाशी तुटतो. बाईकवर थिंबल किंवा बट-कनेक्टर चांगल्या पकडीने दाबून, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह, हेच योग्य. कपलरचं तोंड खाली ठेवा आणि वायरला त्याआधी एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकून जातं.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. कुठेही वायर ताणली जाता कामा नये की स्टॉपरमध्ये चिमटता कामा नये. चाकाच्या सेन्सरची वायर ब्रेकच्या नळीला धरूनच न्या. एक्सपल्सचा फोर्क १९० मिलिमीटर खालीवर होतो. उभ्या गाडीवर नीटनेटकी दिसणारी वायर पहिल्या उडीत टायरला लागते. ब्रेकच्या नळीची वाट कंपनीने विचार करून आखलेली असते, ती फुकट मिळतेय तर घ्या.

कशावर बसवायचं

हँडलचा पाइप साधारण २२ मिलिमीटरचा असतो आणि जाड, निमुळत्या हँडलला मध्यभागी २८.६ चा. क्लॅम्प मागवण्याआधी मोजा.

एका सिलिंडरचं इंजिन ६,००० आरपीएमवर सेकंदाला १०० झटके देतं. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं की, मोटरसायकलच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. फोन लावणार असाल तर रबरी डॅम्पर असलेलाच माउंट घ्या. आणि माउंटचा दांडा जितका लांब, तितका टोकाला हेलकावा मोठा. आखूड दांडा घ्या.

जागा निवडताना गाडीवर उभे राहा. ऑफ-रोडला बहुतेक वेळ आपण फूटपेगवर उभे असतो, आणि बसून सुंदर दिसणारा स्क्रीन उभं राहिल्यावर नुसता चकाकतो. नजर रस्त्यापासून जितकी कमी हलेल तितकं बरं. ताशी ६० ला दोन सेकंद खाली पाहिलंत तर ३३ मीटर आंधळेपणाने गेलात. म्हणून रॅलीच्या गाड्यांवर सगळी उपकरणं हँडलच्या पुढे, उंच मनोऱ्यावर असतात. त्याचं दुसरं कारण छाती. पुढे आदळताना छाती हँडलवर जाते, तिथे लोखंडी बॉल-माउंट उभा असेल तर बरगडी त्याच्यावर. क्लॅम्प हँडलच्या पुढच्या अंगाला लावा. डब्याला एक बारीक दोरीही बांधा, क्लॅम्प सुटतातच.

फोन की खास डबा? सुरुवातीला जुना, पडून असलेला फोन लावावा, त्यात ओस्मअँडसारखं नकाशाचं ॲप आणि आधी उतरवून घेतलेले नकाशे. ॲपल आयफोनसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगते. एप्रिलमध्ये उन्हात चार्जिंगला लावलेला फोन ते सहज ओलांडतो आणि स्क्रीन मंद करतो. पावसाचे थेंब स्क्रीनवर बोटांसारखे नाचतात. हे सोसवेनासं झालं की गार्मिन झूमोसारखा हातमोज्यांसकट चालणारा डबा घ्या. तो आयपीएक्स-७ असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप या चाचणीत येत नाही, धुण्याआधी डबा काढा. आणि तुमचा रोजचा फोन खिशातच ठेवा. गाडी दरीत गेली आणि तुम्ही वर राहिलात, तर मदतीला बोलवायचा फोन गाडीबरोबर जाता कामा नये.

आरपीएम आणि तापमान ही पुढची हौस. आरपीएमची वायर प्लगच्या केबलला काही वेढे देऊन बसते. आकडा दुप्पट किंवा निम्मा आला तर वायर बिघडलेली नसते, एका फेऱ्यात किती ठिणग्या हे सेटिंग चुकलेलं असतं. खरा उपयोग तासांच्या मीटरचा. चिखलात पहिल्या गिअरमध्ये तीन तास घालवले तर किलोमीटर वीसच होतात, इंजिनला मात्र ते वीस वाटत नाहीत. ऑइल तासांवर बदला.

नकाशात वाट भरताना 'ट्रॅक' भरा, 'रूट' नको. ट्रॅक म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष गेलेल्या ठिपक्यांची माळ. रूट दिला तर यंत्र स्वतःचं डोकं लावतं आणि सरळ डांबरी रस्त्यावर आणून सोडतं. नकाशावर तुटक रेषा आहे म्हणजे गाडी न्यायला परवानगी आहे, असा अर्थ होत नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही अशा रेषा आहेत. वन विभागाला उपग्रहाचा पुरावा दाखवून उपयोग नाही.

पोलिसांचं विचाराल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या दुरुस्तीनुसार फोन निव्वळ वाट पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित न होईल अशा रीतीने वापरता येतो. कंपनीचं मीटर काढून नवं लावणं मात्र टाळा. नोंदणी झालेल्या गाडीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि विकताना ओडोमीटरचा आकडा कुठून दाखवणार? जुनं राहू द्या, नवं शेजारी लावा.

बसवून झाल्यावर पहिली राइड जवळची आणि खडबडीत रस्त्याची करा. परत आल्यावर क्लॅम्पचे सगळे बोल्ट पान्याने पाहा, चुंबकाच्या बोल्टला लॉकिंग द्रव लावलाय ना ते पाहा, सेन्सरवर लोखंडी कीस चिकटला असेल तर पुसा. आणि मोजलेला परीघ सीटखाली मार्करने, तारीख आणि टायरच्या मापासकट लिहून ठेवा. काही मीटर आतला सेल संपला की तो आकडा विसरतात.